पैज, पाहुणे आणि फळाचा स्वामी

हॉटेलात उतरलेले आठ-दहा अनोळखी पाहुणे घोड्यांवर पैसे लावतात आणि शर्यत संपेपर्यंत प्रत्येकाचे काहीतरी उलटेपालटे होते, अशी मांडणी जुन्या बहुपात्री चित्रपटांत आढळते. तिचा साचा पक्का केला तो १९३२ सालच्या ‘ग्रँड हॉटेल’ने. व्हिकी बाउम यांच्या १९२९ मधल्या जर्मन कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाला एक नायक नाही. बर्लिनमधले एक आलिशान हॉटेल आहे. तिथे कर्जबाजारी बॅरन, खचलेली नर्तकी, मरणपंथाला लागलेला कारकून, अडचणीतला कारखानदार आणि त्याची टंकलेखिका एकमेकांच्या वाटेत येतात. बॅरनला पैशाची निकड असते म्हणून तो पत्त्यांचा डाव मांडायला लावतो, आणि सगळा पैसा जिंकतो तो कारकून. पत्त्यांच्या जागी घोडा ठेवला की आपला विषय तयार होतो.

अशा कथेला नायक नसेल तर तिला बांधून कोण ठेवते? हा प्रश्न गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या भूमीवरून विचारण्याला सबळ कारण आहे. हॉटेल, पाहुणा आणि जुगार यांची गाठ इतर ठिकाणी पटकथाकार मारतो. गोव्यात ती कायद्याने मारली आहे. त्या कायद्याकडे मी येणारच आहे, पण आधी जुगाराचे प्रकार पाहिले पाहिजेत, कारण खेळाचा प्रकार बदलला की नाटकाची घडण बदलते.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जुगाराचे दोन वर्ग सांगितले आहेत. निर्जीव वस्तूंनी खेळतात ते द्यूत, आणि सजीव प्राण्यांवर पैज लावतात तो समाह्वय. मनूला दोन्ही सारखेच निषिद्ध होते, त्यामुळे धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा भेद फार पुढे गेला नाही. नाट्यविचाराला मात्र तो अतिशय उपयोगी आहे. द्यूतात फासा खेळणाऱ्याच्या हातात असतो. हात त्याचा, फेक त्याची, म्हणून दोषही त्याचा. द्यूताची कथा त्यामुळे एका माणसाची होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त हे असेच एका जुगाऱ्याचे मनोगत आहे: बायको दुरावली, सासू तिरस्कार करते, रात्री दुसऱ्याच्या घरात जावे लागते, आणि तरी फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. महाभारताच्या सभापर्वात दरबार भरलेला असला तरी द्यूत युधिष्ठिराचेच आहे. बाकीचे त्याने लावलेल्या पणाखाली चिरडले जातात.

समाह्वयात पैज लावणाऱ्याच्या हातात काहीच नसते. धावतो घोडा, हाकतो जॉकी. पैसे लावणारा चार फर्लांग दूर उभा असतो, आणि त्याच्याच शेजारी तितक्याच असहायपणे आणखी शंभर जण उभे असतात. धनवान असो की उसने पैसे घेऊन आलेला असो, निकालाच्या क्षणापुरते सगळे एका पातळीवर येतात. म्हणून समाह्वयाची कथा स्वभावतःच अनेकांची होते. बहुपात्री चित्रपटाला घोडा सोयीचा पडला तो याच कारणाने.

या विभागणीला अपवाद आहे आणि तो आपल्या अगदी जवळचा आहे. मटका हे वर्गीकरणाने द्यूतच. त्यात प्राणी नाही, नुसता आकडा आहे. पण आकडा काढणारा दुसराच कोणी असतो, आणि बाजारातला भाजीवाला, रिक्षावाला, कारकून एकाच आकड्याची वाट पाहतात. तेव्हा खरा निकष सजीव-निर्जीव हा नसून फेक कोणाच्या हाती, हा आहे. मनूच्या भेदात एवढी दुरुस्ती केली की तो आजच्या खेळांनाही लागू पडतो.

घोडा आणि फासा यांचे नाते नलोपाख्यानात जितके खोल दिसते तितके मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाकडे रथ दौडवताना वाटेत बेहड्याचे झाड लागते आणि राजा नुसत्या नजरेने त्याची पाने आणि फळे मोजून दाखवतो. त्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळेच वापरत, हे ध्यानात घेतले की या प्रसंगाचा अर्थ उलगडतो. राजा नळाला अक्षविद्या देतो, नळ त्याला अश्वविद्या देऊ करतो, आणि अक्षविद्या मिळताच नळाच्या शरीरातला कली बाहेर पडून त्या बेहड्यात शिरतो. एक विद्या मोजणीची, दुसरी सहवासाची. घोड्यावर पैसे लावणाऱ्याचा भ्रम नेमका या दोहोंच्या मध्ये आहे. त्याला वाटते आपल्याला घोडा कळतो. प्रत्यक्षात त्याच्याजवळ असते ती आकडेमोड. घोडा कळतो तो त्याला खरारा करणाऱ्या मोतद्दाराला, आणि तो मोतद्दार हॉटेलच्या दिवाणखान्यात कधी दिसत नाही.

हा भ्रम पोकळ मात्र नाही. १९९६ साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला: घोड्याचे कूळ, त्याची तयारी, पाठीवरचे वजन, जॉकीचा हात यांचा अभ्यास करता येतो. युरोपीय रूलेटच्या चक्राला ३७ घरे असतात आणि मागचा आकडा पुढच्या फेरीला ठाऊक नसतो, म्हणून चक्राभोवतीच्या माणसांना एकमेकांशी बोलण्यासारखे काही उरत नाही. घोड्याला मात्र पूर्वेतिहास असतो. त्यावर वाद घालता येतो, बातमी आणता येते, बातमी लपवता येते. पटकथाकाराला संवाद मिळतात ते इथून.

संवादांचा आणखी एक झरा आहे, आणि तो पैशाच्या हिशेबात दडलेला आहे. बुकीकडे पैसे लावले तर भाव तिथल्या तिथे ठरतो. झगडा तुमचा आणि बुकीचा. टोटची पद्धत वेगळी. जोसेफ ओलेर यांनी १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये ती बसवली. सगळ्यांचे पैसे एका राशीत जातात, चालवणारा आपला हिस्सा कापतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. समजा, हॉटेलातल्या दहा पाहुण्यांनी शंभर-शंभर रुपये लावले आणि चालवणारा शेकडा दहा कापतो. वाटायला उरले ९००. विजयी घोड्यावर तिघांनी लावले असतील तर प्रत्येकाला ३००. नऊ जणांनी एकाच फेव्हरिट घोड्यावर लावले आणि तो पहिला आला, तर प्रत्येकाच्या हाती येतात १००. म्हणजे नऊ जणांचा अंदाज बरोबर ठरला आणि नऊही जण होते तिथेच राहिले. दहाव्याचे १०० गेले ते चालवणाऱ्याकडे.

या साध्या हिशेबातून टोटवर बेतलेल्या नाट्याचे सगळे वर्तन निघते. खरी टिप जितक्या कानांवर जाईल तितकी ती कवडीमोल होते. म्हणून खरी बातमी असलेला गप्प बसतो आणि खोटी बातमी मोठ्याने सांगितली जाते. प्रेमात पडलेला मात्र आपली टिप प्रियेला देतो, आणि तिथेच त्याचा भाव उतरतो. विश्वास टाकण्याची किंमत रुपयांत मोजता येईल अशी जागा नाटककाराला फार थोड्या विषयांत मिळते. हॉटेलातल्या पाहुण्यांची कथा लिहिताना पैज बुकीकडे लावली की टोटवर, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता लिहिलेल्या प्रसंगांत पात्रे कारणाशिवाय कुजबुजत राहतात.

आता रचनेचा मूळ प्रश्न. धनंजयाच्या दशरूपकात कथावस्तूचे दोन भाग सांगितले आहेत, आधिकारिक आणि प्रासंगिक. अधिकार म्हणजे फळावरचे स्वामित्व. ज्याचे फळावर स्वामित्व त्याची कथा आधिकारिक. बाकीच्यांच्या कथा पताका आणि प्रकरी. शिवाय कार्याच्या पाच अवस्था असतात: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. हा गज पैजेच्या कथेला लावून पाहिला की दोन गोष्टी लगेच उघड होतात. पहिली, पाहुण्यांपैकी कोणीच फळाचा स्वामी नाही, म्हणून सगळ्या कथा पताका होऊन फडकतात आणि आधिकारिक जागा रिकामी राहते. दुसरी, यत्न ही अवस्थाच गळून पडते. पैसे लावले की पात्राला करण्यासारखे काही उरत नाही. उरते ती ताणलेली प्राप्त्याशा. मुंबईत महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची असते आणि अडीच मिनिटांच्या आसपास संपते. अडीच मिनिटांच्या असहायतेवर दोन तासांचे नाट्य उभे राहत नाही.

म्हणून चांगला लेखक यत्न शर्यतीच्या अलीकडे आणि पलीकडे नेऊन ठेवतो. अलीकडे म्हणजे पैसा कुठून आणला, कोणाचा दागिना मोडला, कोणाला काय सांगितले. पलीकडे म्हणजे हरलेला माणूस घरी काय तोंड घेऊन जातो. खुद्द शर्यतीच्या वेळी पाहण्यासारखे असतात ते चेहरे. टॉलस्टॉयने ‘ॲना कॅरेनिना’त हे अचूक ओळखले होते. व्रॉन्स्कीची घोडी पडते, तिची पाठ मोडते. त्या वेळी कॅरेनिनची नजर मैदानावर नसून बायकोच्या चेहऱ्यावर असते, आणि त्या चेहऱ्यावर त्याला आपल्या संसाराचा निकाल वाचता येतो. कुब्रिकच्या १९५६ मधल्या ‘द किलिंग’मध्ये एकाच शर्यतीची वेळ वेगवेगळ्या माणसांच्या वाटेने पुन्हापुन्हा दाखवली आहे, तिथे धावपट्टी हे केवळ घड्याळ आहे.

हॉटेल आणि जुगार यांची सर्वांत भेदक कथा मात्र दोस्तोयेव्हस्कीची. १८६६ मध्ये अवघ्या काही आठवड्यांत त्याने ‘जुगारी’ सांगून लिहून घेतली. जर्मनीतल्या एका काल्पनिक गावच्या हॉटेलात एक रशियन जनरल आपल्या परिवारासह उतरला आहे. गावात रूलेट चालते, पण या मंडळींनी खरी पैज चक्रावर लावलेलीच नाही. ती लावली आहे मॉस्कोत आजारी असलेल्या म्हातारीवर. ती कधी मरते आणि इस्टेट कधी मिळते, हे विचारणाऱ्या तारांवर तारा जात आहेत. जनरलचे लग्न, सावकाराचे कर्ज, सगळे त्या मरणावर अडलेले. आणि एके दिवशी म्हातारी स्वतः खुर्चीत बसून हॉटेलच्या दारात हजर होते, रूलेटवर आधी जिंकते आणि मग जवळचा पैसा घालवून बसते. जिवंत माणसावर लावलेली पैज हा समाह्वयाचा सर्वांत क्रूर प्रकार, आणि इथे पैजेचे जनावरच मैदान सोडून पैज लावणाऱ्यांच्या पंक्तीत येऊन बसते. जुगाराच्या कथेत घोड्याला दृष्टी दिली की काय घडते, ते या कादंबरीने दाखवले.

आपल्याकडे याहून जुने आणि माझ्या मते याहून संपूर्ण उदाहरण आहे: शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’. देवलांच्या संगीत रूपांतरामुळे ते मराठी प्रेक्षकाच्या घरचे झाले, आणि गिरीश कार्नाडांनी १९८४ च्या ‘उत्सव’मध्ये ते पडद्यावर आणले. दुसऱ्या अंकात संवाहक नावाचा अंगमर्दन करणारा माणूस दहा सुवर्णमुद्रा हरून पळतो. सभिक माथुर आणि एक जुगारी त्याच्या पाठीस लागतात. संवाहक उलट्या पावलांनी ओसाड देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे त्याला ओळखतात की नाही कळू न देता तिथेच डाव मांडतात. फाशांचा आवाज ऐकून मूर्तीला राहवत नाही, ती खाली उतरते. व्यसनाचे याहून नेमके दृश्य मला माहीत नाही. पण शूद्रकाचे मोठेपण पुढे आहे. वसंतसेना आपले कंकण देऊन संवाहकाचे ऋण फेडते, तो भिक्षू होतो, आणि आठव्या अंकात मरणाच्या दारातून तिला परत आणणारा तोच असतो. चारुदत्त चोरीला गेलेल्या अलंकारांविषयी निरोप धाडतो की ते आपण जुगारात हरलो. वसंतसेना त्याने पाठवलेली रत्नावली घेऊन येते आणि तोच बहाणा त्याला परत ऐकवते. जुगार हा एका प्रवेशाचा मसाला न राहता दहा अंकांत खेळत राहतो. हरलेला माणूस, त्याला सोडवणारी बाई, धूळ फेकून वाट करून देणारा दर्दुरक, आणि पैसे वसूल करणारा माथुर, या सर्वांना शूद्रक रंगमंचावर आणतो.

त्यातला माथुर महत्त्वाचा. सभिक म्हणजे जुगाराचा फड चालवणारा. कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे की द्यूत एकाच ठिकाणी चालवावे, इतरत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावा, आणि द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत. शिवाय फाशांचे, पाण्याचे आणि जागेचे भाडे वेगळे. याज्ञवल्क्य स्मृतीने एकाच ठिकाणी खेळवण्याचे कारणही दिले आहे: चोर ओळखता यावेत. फळाच्या स्वामित्वाचा प्रश्न इथे सुटतो. खेळणारा आज जिंकतो, उद्या हरतो. कोणीही जिंकले तरी ज्याचा हिस्सा निघतो तो सभिक, आणि त्याच्या मागे राजा. पैजेच्या बहुपात्री कथेतली रिकामी आधिकारिक जागा त्यांचीच आहे. हॉटेलचा मालक, टोट चालवणारा आणि महसूल घेणारे सरकार यांना वगळून केवळ पाहुण्यांची सुखदुःखे रंगवणारा चित्रपट कितीही देखणा असला तरी तो अर्धवट असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोव्यात हे विवेचन पुस्तकात राहत नाही. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार प्रतिबंधक कायदा १९७६ चा. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना परवानगी मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरचे खेळ आले. म्हणजे रस्त्यावर गुन्हा असलेली गोष्ट विशिष्ट छपराखाली व्यवसाय झाली. कौटिल्याचा एकाच ठिकाणचा नियम दोन हजार वर्षांनी हॉटेलच्या तारांकनात परत आला. फरक करवसुलीत आहे. कौटिल्य जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घेत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती आणि ऑनलाइन जुगार या तिन्हींवर तेव्हाचा २८ टक्के वस्तू आणि सेवा कर लागू झाला, आणि तो जिंकलेल्या पैशावर न लागता खेळात येणाऱ्या पैशावर लागतो. हरणाराही आता राजाचा वाटा भरूनच हरतो.

त्याहून मोठी नाट्यघटना १ फेब्रुवारी २०२० ची. त्या दिवसापासून गोवेकराला कॅसिनोच्या खेळदालनात मज्जाव झाला. खेळायचे ते बाहेरून आलेल्याने. हेतू चांगला होता. स्थानिकांचे संसार वाचावेत हा. पण या नियमाने गोव्यात दोन प्रकारची माणसे कायद्यानेच वेगळी केली: पैज लावणारा पाहुणा, आणि त्या दालनात केवळ नोकरीसाठी शिरणारा गावकरी. पत्ते वाटणारी मुलगी पेडण्याची असू शकते, ताटे उचलणारा मुलगा डिचोलीचा असू शकतो. हरण्याचा वा जिंकण्याचा हक्क मात्र त्यांना नाही. जुन्या हॉटेलपटांत नोकर दार उघडण्यापुरते येत. इथे तोच नोकर कथेच्या मध्यावर उभा आहे, कारण समोर काय चालले आहे हे सर्वांत स्वच्छपणे तोच पाहतो. खेळात त्याचा पैसा नाही, पण जमीन त्याची आहे.

जमिनीचे म्हणणे अलंकारिक नाही. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहता झाला आणि पेडणे तालुक्याच्या जमिनीचे मोल पालटले. धारगळला तिळारी प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातल्या जमिनीवर कॅसिनोसह मोठ्या करमणूक प्रकल्पाचा प्रस्ताव आला, आणि पेडण्यात त्याला विरोध झाला. तिळारीचे धरण दोडामार्गात. महाराष्ट्र आणि गोवा यांनी मिळून बांधलेले, कालवे डिचोली-पेडण्याच्या शेतांपर्यंत आणलेले. अक्षसूक्तातल्या जुगाऱ्याला शेवटी सवितृदेव जो उपदेश करतो तो असा की फासे सोड, आपले शेत कस, त्यातच गाई आहेत आणि त्यातच बायको आहे. ज्या शेतासाठी कालव्याचे पाणी आणले त्याच शेताची निवड फाशांच्या घरासाठी व्हावी, यात ऋग्वेदातल्या सूक्ताची बाजू उलटी झाली आहे. नाटककाराला याहून मोठा संघर्ष शोधत फिरावे लागणार नाही.

डिचोलीत दुसरे चित्र आहे. तिथे कॅसिनो नव्हता, खाण होती. शिरगाव, मये, पिळगाव या पट्ट्यात कितीतरी कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले. सप्टेंबर २०१२ मध्ये खनिज उत्खनन थांबले, मध्यंतरी काही काळ सुरू झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. त्या काळात एका निकालाकडे डोळे लावून बसलेला सबंध तालुका ही बहुपात्री कथेची जिवंत रचना होती: अनेक घरे, प्रत्येकाचे हप्ते वेगळे, निकाल एक, आणि मधल्या काळात करण्यासारखे काही नाही. ट्रक घेणे हा जुगार नव्हता. तो कष्टाचा धंदा होता आणि त्याला जुगार म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण फेक दुसऱ्याच्या हाती असण्याची अवस्था तीच. बहुपात्री रचना लिहू पाहणाऱ्याने घोड्यांच्या मैदानाआधी ही घरे पाहावीत, असे मला वाटते.

गोव्यात महालक्ष्मीसारखे शर्यतीचे मैदान नाही. दक्षिण गोव्यात बैलांच्या झुंजींवर, म्हणजे धिरयोवर, पैजा लागत. न्यायालयाने १९९० च्या दशकात धिरयोवर बंदी आणली. डिचोली, पेडणे आणि सत्तरीत घोडा येतो तो शिगम्यात, घोडेमोडणीत. कमरेला बांधलेला लाकडी घोडा, हातात तलवार, ढोल-ताशाचा ठेका. हा घोडा लढाईच्या स्मृतीचा आहे, त्याच्यावर कोणी पैसे लावत नाही. या भागात घोड्याची कथा लिहिणाऱ्याला हा मानाचा घोडा प्रेक्षकाच्या डोळ्यांत आधीच उभा असतो, याचे भान ठेवावे लागेल. एखाद्या पाहुण्याने मोबाइलवर दूरच्या मैदानातल्या घोड्यावर पैसे लावावेत आणि त्याच वेळी खिडकीखालून घोडेमोडणी जावी, एवढ्या एका प्रसंगात दोन जगांची गाठ पडते.

जुगार या मातीला परका आहे, असे मात्र म्हणता येत नाही. पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत जत्रांचा हंगाम सुरू झाला की रात्री दशावतार होतो. त्याला छापील संहिता नसते. आख्यान ठरते आणि नट संवाद जागच्या जागी रचतात. त्याच जत्रेत कडेला गडगड्याचा जुगार चालतो. कायद्याने बंदी असूनही त्याविषयीच्या तक्रारी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापून येतात. रंगमंचावर पांडव द्यूतात हरताहेत आणि हाकेच्या अंतरावर खरे फासे पडताहेत, हा योग आपल्या लोकरंगभूमीने अनेकदा पाहिला असणार. मालवणी बोलीतल्या ‘वस्त्रहरण’ने द्यूतानंतरच्याच प्रसंगाचा गावकीचा खेळ केला. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेले आणि १९८० पासून मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेले हे नाटक बहुपात्री रचनेचा उत्तम नमुना आहे: नाटक सगळ्या गावाचे, आणि एकट्या कोणाचेच नाही. म्हणजे नायकाशिवाय कथा पेलण्याची सवय या भागातल्या नटाला आणि प्रेक्षकाला आधीपासून आहे. ती ‘ग्रँड हॉटेल’कडून उसनी आणण्याची गरज नाही.

या सगळ्यावरून रचनेविषयी माझा निर्णय असा. पैज लावणाऱ्या पाहुण्यांच्या कथेत पाहुणे पताका म्हणून ठेवावेत आणि आधिकारिक सूत्र सभिकाकडे द्यावे. यत्न शर्यतीच्या आधी आणि नंतर घालावा. टोट की बुकी, हे पहिल्या प्रवेशात स्पष्ट करावे. आणि ज्यांना पैज लावण्याचा हक्कच नाही त्यांच्यापैकी निदान एकाला शेवटपर्यंत रंगमंचावर ठेवावे, कारण खेळाचा खरा खर्च त्याच्याच हिशेबात नोंदवला जातो. शूद्रकाने संवाहकाला दुसऱ्या अंकात सोडून दिले असते तर वसंतसेना आठव्या अंकात वाचली नसती. त्याचप्रमाणे हॉटेलच्या कथेतली पत्ते वाटणारी मुलगी पहिल्या प्रवेशानंतर हरवली तर शेवट कोणालाच सांगता येणार नाही.

कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत पेडणे आणि डिचोलीतली मंडळे दरवर्षी नाटके करतात. त्यांतल्या लेखकांना माझी विनंती आहे. बाहेरची संहिता आणण्याऐवजी धारगळच्या शेताच्या बांधावर आणि मोपाच्या वाटेवरच्या हॉटेलात घडणारे नाटक लिहा. त्यात पाहुणा असू द्या, घोडा असू द्या, कॅसिनोत रात्रपाळी करणारी मुलगी असू द्या आणि जमीन विकण्यास नकार देणारा तिचा बापही असू द्या. सामग्री तुमच्या दारात आहे, आणि ती तुमच्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.